दिवाणजींचं पाणी

१

"सरडा माणसाळत नसतो, लक्ष्मीकांतराव. तो माणसाला सोसतो, बस. तेवढं सोसलं म्हणजे घर त्याचं झालं," असं म्हणून महिपतरावांनी तो माझ्या दंडावर ठेवला आणि ते टांग्यात बसले. टांगा निघाला स्टेशनाकडे, आणि स्टेशनावरून पुढे भोपाळ.

हे सत्तावन सालच्या मे महिन्यातलं. आधी संस्थान गेलं. त्याच्या जागी मध्यभारत आला, तोही आठ वर्षांत गुंडाळला. राजधानी भोपाळला ठरली आणि कचेऱ्यांमागून कचेऱ्या तिकडे निघाल्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या रांगेत बारा दारं होती, त्यांतल्या नऊ दारांना कुलपं लागली होती. दहावं कुलूप आता महिपतरावांचं. मी सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. माझाही हुकूम येऊन पडला होता: एक जुलैला भोपाळात हजर व्हायचं.

महिपतराव जंगल खात्यातले. शिवपुरीकडच्या दौऱ्यात त्यांना हा प्राणी मिळाला होता. कुंपणावर बसून माना हलवतो तो सरडा नव्हे. हा घोयरा, इकडे त्याला गिरगिट म्हणतात. चपटं अंग, गुंडाळलेली शेपटी, चिमट्यासारखे पाय, आणि दोन फुगीर डोळे. एक डोळा उत्तरेला फिरला तर दुसरा खुशाल दक्षिणेला पाहत असतो. महिपतरावांच्या सौभाग्यवतींनी निक्षून सांगितलं होतं, "भोपाळला एक तर तो येईल, नाहीतर मी." महिपतरावांनी विचार बराच केला असावा, पण शेवटी बायकोलाच नेलं.

मी तो घेतला मधुसाठी. मधु आमची एकुलती एक, सहा वर्षांची. मार्चात तिला मुदतीचा ताप आला, तो सव्वीस दिवस उतरला नाही. उतरला तेव्हा पोरीचं चिपाड झालं होतं, आणि वरच्या ओठावरची खपली काही निघत नव्हती. बाहेर जाऊन खेळावं तर साऱ्या मैत्रिणी भोपाळला गेलेल्या. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला पुन्हा उभी करायची आणि धडधाकट पोर घेऊन भोपाळ गाठायचं, एवढं एकच काम आम्हा नवरा-बायकोपुढे होतं.

"अहो, कुत्रं-मांजर काही नाही का मिळालं?" वनमाला म्हणाली. ती माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी ग्वाल्हेरच्या प्रत्येक गोष्टीकडे ती पाहुणीसारखी बघे.

तेवढ्यात मधु खाटेवरून उतरली आणि भिंतीला न धरता माझ्यापर्यंत आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "बाबा, ये तो चलने से पहले सोचता है," ती म्हणाली. खरंच होतं ते. एक पाऊल टाकायचं तरी तो तीनदा पुढे-मागे झुलायचा. सही करावी की फाइल परत पाठवावी, अशा विचारात पडलेला जुना अंमलदारच. मी म्हणालो, "दिवाणजी आहेत ते." तेच नाव पडलं. संस्थान गेल्यावर का होईना, आमच्या घरी दिवाणजी आले.

२

नव्या जागी त्याला रुळवायचं कसं, हे महिपतरावांनी कागदावर लिहून दिलं होतं. पिंजरा नको, झाड हवं. सकाळचं ऊन हवं. उचलू नये, हात पुढे धरावा, यायचं असेल तर तो येतो. पहिले आठ दिवस भोवती गडबड नको.

मागच्या अंगणात कोपऱ्याला एक कोवळा पिंपळ होता. त्याच्या फांद्या भिंतीला लागत नव्हत्या. मी एक तुपाचा डबा कापून त्याचा गुळगुळीत पत्रा बुंध्याभोवती गुंडाळला, म्हणजे स्वारी खाली उतरू नये. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, मी ती पत्र्यापर्यंत आणली. माश्या याव्यात म्हणून फांदीला गुळाचा खडा बांधला.

राहिलं पाणी. वाटीतलं पाणी या प्राण्याला कळत नाही. जे हलतं तेच त्याला दिसतं. पानांवर थेंब पडत राहिले तरच तो पितो. मी पडाव भागातल्या कुंभाराकडून लहानसं मडकं आणलं, त्याच्या तळाला खिळ्यानं भोक पाडलं, भोकात कापसाची वात घातली आणि सुतळी बांधली. चार-पाच सेकंदांनी एक थेंब, बरोबर हवा तसा. माझ्या हातकामावर मी फार खूश होतो.

मधुनं गेरू कालवला आणि मडक्यावर आपलं नाव काढायला घेतलं. दिवाणजींना लिहिता येत नाही, तेव्हा मालकिणीचं नाव हवं, असं तिचं म्हणणं. तिनं "मधु" असं काढलं आणि थांबली. मी मास्तर माणूस. म्हटलं, "नाव लिहायचं तर पुरतं लिहावं, बाळ." मग तिनं जीभ बाहेर काढून, अक्षराला अक्षर लावून लिहिलं: मधु लक्ष्मीकांत मुळे.

मी अंघोळ करून ओल्या पंचानंच पहिला तांब्या भरून मडक्यात ओतला आणि ते पिंपळाला टांगलं. नळ सकाळी तासभरच येई. गळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली परात ठेवली. ते तुळशीला घालायचं, असं वनमालेनं ठरवलं होतं.

३

तीन-चार दिवस असे गेले की आम्हाला आमचं नशीब खरं वाटेना. दिवाणजींनी माशी टिपली की मधु टाळ्या पिटी, आणि त्या भरात भाताचे दोन घास जास्त खाई. तिसऱ्या दिवशी तिनं हात पुढे धरला. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि तिच्या मनगटावर पाय ठेवला. अंगावरची मातकट छटा गेली, स्वच्छ पोपटी रंग आला.

"बाबा, मेरी फ्रॉक तो लाल है. मग हा हिरवा का झाला?"

मला शिकवायला एवढं पुरे. मी तिला सांगितलं की सरडा मागच्या वस्तूचा रंग घेतो ही लोकांची समजूत. त्याचा रंग त्याच्या मनाचा असतो. निवांत असला की पोपटी, झोपला की फिका, घाबरला की काळा. "म्हणजे तू त्याला पसंत आहेस," मी म्हणालो. वनमाला दारातून म्हणाली, "बिचाऱ्या सरड्याचं नाव उगाच खराब. आपल्या कचेरीतल्यांनी परवा पगड्या काढून टोप्या घातल्या, त्या कुठल्या मनानं?" आम्ही हसलो. त्या घरात किती दिवसांनी हसलो होतो.

त्याच संध्याकाळी परातीतलं पाणी तुळशीला घालायला गेलो. परात कोरडी होती.

ग्वाल्हेरचा मे. पारा शेचाळीसवर, दुपारभर लूचे तप्त वारे. थेंब-थेंब पाणी उडून जायचंच, मी मनाशी म्हणालो. परात उचलली आणि पुन्हा ठेवली. तिच्यात लूबरोबर आलेली बारीक पिवळी धूळ साचली होती, चाळणीनं चाळल्यासारखी सपाट. तिच्यावर थेंबाची एकसुद्धा खूण नव्हती. मडकं मात्र रिकामं झालं होतं.

४

दुपारी मधु झोपली की मी मागच्या दाराच्या उंबऱ्यात वही घेऊन बसत असे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, आत गारवा. बाहेर पांढरं ऊन, दहा रिकाम्या घरांची बंद दारं, आणि मडक्याखालच्या पानावर थेंबाचा टप् असा आवाज. एका पानावर पडून थेंब घरंगळत खाली जात.

पाचव्या दिवशी मी दिवाणजींचं चित्र काढत होतो. ते फांदीवर पोपटी, निवांत. एक डोळा माझ्यावर. दुसरा डोळा अंगणाच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे होता. तो फिरू लागला. माशीमागे फिरतो तसा झटक्यानं नाही. सावकाश, मोरीपासून आटलेल्या विहिरीच्या कट्ट्यापर्यंत, कट्ट्यापासून मडक्याखालपर्यंत. तिथे थांबला. दिवाणजी शेपटीपासून डोक्यापर्यंत काळे पडले. मी पाहिलं, मडक्याखाली परात होती आणि ऊन होतं.

पाच मिनिटं गेली असतील. मग तो डोळा आला तसा, त्याच चालीनं, कट्ट्यावरून मोरीकडे परत गेला. काळा रंग हळूहळू उतरला. इतका सारा वेळ पहिला डोळा माझ्यावरच होता.

गांधीलमाशी असेल, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच चाल. तिसऱ्या दिवशीही. मोरीपासून मडक्यापर्यंत पोचायला त्या डोळ्याला किती वेळ लागतो, हे मी घड्याळावर पाहिलं. मग मी स्वतः मोरीपासून मडक्यापर्यंत चाललो. माझ्या चालीला निम्मा वेळ लागला. आजारातून उठलेलं माणूस चालेल, तेवढा वेळ त्याला लागत होता.

हे मी वनमालेला सांगितलं नाही. हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरानं सांगावं तरी कुठल्या तोंडानं?

५

प्रयोग मात्र केला. परातीत शाळेतला टिपकागद अंथरला. तासाभरानं पाहिला तो जसाच्या तसा. मग मी मडक्याजवळ उकिडवा बसलो आणि एकेक थेंब पाहू लागलो.

थेंब वातीवर फुगे, सुटे, पानावर पडे, पानाच्या टोकाशी पुन्हा जमे आणि खाली सुटे. परातीपर्यंत पोचत नसे. पान आणि परात यांच्यामध्ये, डोळ्यांदेखत, तो नसे. वाफ नाही, शिंतोडा नाही. मी फूटपट्टी आणली. जमिनीपासून बरोबर तीन फूट. त्याच्या वर थेंब दिसे, त्याच्या खाली दिसत नसे. मी पट्टी मागे घेतली; का कोण जाणे, कुणाच्या डोळ्याला लागेल असं वाटलं.

मागून वनमाला म्हणाली, "हे काय मापताय?"

तिनं पट्टीकडे पाहिलं, थेंबाकडे पाहिलं. चार थेंब पाहिले. पदर तोंडावर धरला आणि ती घरात गेली. मी मागोमाग गेलो तेव्हा ती झोपलेल्या मधुपाशी बसली होती.

"तीन फुटांवर हिचं तोंड येतं," ती म्हणाली. "परवाच फ्रॉक बेतताना माप घेतलंय मी."

६

त्याच सुमारास मधुची तहान वाढली. आधी आम्ही उन्हाळा म्हणून सोडून दिलं. मग ती तांब्याच्या तांब्या पिऊ लागली, तरी ओठांना भेगा. डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले अशक्तपणा आहे, मीठ-साखरेचं पाणी देत राहा. देत राहिलो. तिच्या अंगी लागत नव्हतं. दिवाणजींमुळे पाच-सहा दिवसांत जे कमावलं होतं ते तीन दिवसांत गेलं. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

दुपारी दोनच्या सुमाराला ती झोपेत पाय हलवी. एकदा डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, पैर जल रहे हैं."

मी तिचे तळवे हातात घेतले. गार होते. बाहेर अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवलं असतं तर फोड आला असता. मी पडदा सारून पाहिलं. दिवाणजी काळे होते.

७

आमच्याकडे भांड्यांना येणारी रामकली पुतण्याच्या लग्नाला मुरैन्याकडे गेली होती, ती मडकं टांगल्यापासून नवव्या दिवशी परत आली. खरकटी भांडी घेऊन मागच्या अंगणात उतरली आणि तिथेच उभी राहिली. हातातली कढई दणकन पडली. ती मडक्याकडे पाहत होती.

"बाबूजी, जे घंट कौन की टाँगी है?"

मी म्हणालो, "सरड्यासाठी आहे. तो थेंब-थेंब पाणी पितो."

"पीपर पे?" ती म्हणाली. "जे तो मरे की होत है, बाबूजी. घर में कोऊ मर जाए तो दस दिना पीपर पे टाँगें. वो प्यासो आवे, पीवे. दसवें दिना फोड़ दें, तो चलो जाए."

मला लाज सांगायची आहे. मी जन्मलो ग्वाल्हेरात. मसणवाटेच्या रस्त्यावरच्या पिंपळांना, मेलेल्यांच्या तहानेसाठी, अशी भोकाची मडकी टांगलेली मी लहानपणापासून पाहिली होती. पण त्या रस्त्यानं जाताना खाली पाहून चालायची आम्हाला शिकवण, आणि माझ्या डोक्यात होतं पुस्तकातलं चित्र. वनमालेला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं.

रामकलीला अक्षर येत नव्हतं. तिनं लांबूनच गेरूकडे बोट केलं. "जा पे नाम लिखो है का? कौन को?"

वनमाला मागे उभी होती. ती म्हणाली, "मधु का."

रामकलीनं कानांवर हात ठेवले. मग म्हणाली, "जीयत की तो मैंने कभऊँ ना देखी, बाईसाब. मोय ना पतो." भांडी तशीच टाकून ती पुढच्या दारानं निघून गेली.

मी शिक्षक. मेलेल्याच्या मडक्यावर जित्या पोरीचं नाव पुरतं लिहावं म्हणून सांगणारा मी.

८

मग मी चिडलो. रामकलीवर, पिंपळावर, स्वतःवर. असल्या गोष्टींना घाबरायचं असेल तर अकरा वर्षं पोरांना काय शिकवलं? मी अंगणात गेलो आणि सुतळी सोडून मडकं उतरवलं. पाणी ओतून दिलं. मडकं मोरीपाशी उपडं घातलं. दुपारचा एक वाजला होता.

दोन वाजता मधुनं पाणी मागितलं. वनमालेनं फुलपात्र तोंडाला लावलं. पाणी आत गेलं नाही. ओठांच्या कडांनी गळून उशीवर आलं. चमच्यानं दिलं, तेही गळलं. तिचा घसा हलतच नव्हता. डोळे मात्र उघडे, आमच्याकडे लागलेले. "मधु, गीळ ना गं," वनमाला म्हणत होती, "एवढंसं गीळ."

मी डॉक्टरांना आणायला म्हणून मागच्या दारानं धावलो, सायकल तिकडे होती. पिंपळाशी थबकलो. दिवाणजी काळेठिक्कर. त्यांचा एक डोळा नेहमी माझ्यावर असे. त्या दिवशी दोन्ही डोळे एकाच जागी होते, आणि दोन्ही मिळून सरकत होते. मडक्याच्या मोकळ्या जागेपासून फरशीवरून, माझ्या बाजूनं, आमच्या मागच्या दाराकडे. उंबऱ्याशी ते थांबले. वाळ्याचा पडदा वाऱ्यानं हलतो तसा हलला. वारा नव्हता.

घरातून वनमाला ओरडली, "अहो! प्यायली! लवकर या, पाणी प्यायली!"

मी आत पाहिलं. मधु उठून बसली होती. दोन्ही हातांनी तांब्या धरून ती पीत होती, गटागटा, थेंब न सांडता. तांब्या संपवून तिनं हातानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आई, मला भूक लागली आहे."

रडायला येत होतं, आणि मी रडलोही. डॉक्टरांना आणायचं राहिलं. तरी न जाणो म्हणून मी मडकं पुन्हा भरलं आणि पिंपळाला टांगलं.

९

रात्रभर मधुला एकदाही पाणी लागलं नाही. सकाळी तिनं दीड भाकरी खाल्ली. वनमालेनं वेणी घातली तर मान वाकडी न करता सरळ बसली. सगळं बोलणं मराठीत, एक शब्द इकडचा नाही. "बघा, आजारात आजोळची भाषा आली," वनमाला हसत म्हणाली. तिचा चेहरा दोन महिन्यांनी उजळला होता. मी म्हणालो, "मधु, दिवाणजींना माशी देऊया?" तर म्हणाली, "नको. मला तो आवडत नाही."

मग जेवताना ती म्हणाली, "बाबा, ते मडकं फोडा ना."

वनमालेनं माझ्याकडे पाहिलं. दहावा दिवस होता तो. "फोडून टाका एकदाचं," ती हळूच म्हणाली. "पोर बरी झाली. जे काय असेल ते जाऊ दे इथून, आणि आपण भोपाळला जाऊ. मी बॅगा भरायला घेते." मलाही तेच हवं होतं. रामकली म्हणाली होती, फोडलं की जातं. ज्याला जायचं ते जाईल, आणि आमची आमच्यापाशी राहील.

दोन वाजता मी वरवंटा घेऊन अंगणात उतरलो. फरशी तापलेली. दहा घरं बंद. टप्, पानावर थेंब पडला. मी वरवंटा उगारला, आणि मनात आलं, एकदा पाहावं. मास्तराची खोड. आता तिथे कुणी नसेल, थेंब सरळ परातीत पडेल, आणि मग निश्चिंत मनानं फोडता येईल.

मी गुडघ्यांवर बसलो आणि पानाखाली, तीन फुटांवर, पंजा पसरून धरला. एक थेंब तळहातावर पडला. दुसरा पडला. तिसरा. थोडंसं पाणी साचलं.

मग माझ्या तळहाताला ओठ लागले.

लहान, कोरडे, भेगा पडलेले ओठ. ते पाणी शोधत होते, घाईनं नाही, दमल्यासारखे. वरच्या ओठाच्या डाव्या कडेला एक खरखरीत खपली माझ्या कातडीला घासली. मधुच्या ओठावर तिथेच तापाचा फोड उठला होता. मार्चपासून रोज संध्याकाळी मी माझ्या बोटानं त्यावर लोणी लावत आलो होतो. त्या खपलीचा आकार मला डोळे मिटूनही सांगता आला असता.

मी वर पाहिलं. दिवाणजी माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसले होते. एक डोळा माझ्यावर, एक माझ्या हातावर. अंग स्वच्छ पोपटी.

पाणी संपलं. हनुवटी माझ्या हातावर टेकली. तिला वजन जवळजवळ नव्हतं. पुढच्या थेंबाची वाट पाहत ती तशीच राहिली.

मागे वाळ्याचा पडदा सरकल्याचा आवाज आला. फांदीवरचा पोपटी रंग दिवा विझावा तसा गेला. मी मान वळवली. उंबऱ्यात मधु उभी होती, लाल फ्रॉकमध्ये, दोन वेण्या, गालांवर तजेला. तिचे ओठ ओले होते आणि गुळगुळीत. कालपासून आम्ही तिला डोळे भरून पाहत होतो, आणि ओठ पाहिले नव्हते.

आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वनमाला काहीतरी गुणगुणत होती.

"फोडलं का, बाबा?" मुलीनं विचारलं.

"फोडतो हं, बाळ," मी म्हणालो, आणि हात तसाच धरून ठेवला.